चालेल

दौलतगंजात जिन्याखाली आमचं दुकान.
पाटीवर अजून आबांचं नाव,
त्याखाली माझं, बारीक अक्षरांत,
रंगाऱ्याकडे तेवढाच रंग उरला होता.

आज भिंडहून रामसेवक भदौरिया आला,
काखेत डबा, मिठाईचा असावा तसा जपून.
"जिज्जी, नई है. बस एक बार देख लो."

उघडताना डब्याची बिजागरीच निसटली.
काही बोलले नाही. मनात टिपून ठेवलं.

पिस्तूल हातात घेतलं. वजन चांगलं होतं.
एवढं एक आधी बोलून घेतलं,
मुलगी पसंत नसली की लोक चहाची तारीफ करतात, तसं.
मूठ जाडजूड. आत गोळ्या दोन रांगांत,
एकीच्या खांद्याला दुसरी रेलून,
तिघींच्या बाकावर पाच पोरी बसवाव्यात तशा.
माझी बोटं तिच्याभोवती पुरी वळत नाहीत.
त्याचीही नाहीत. तो बोलला नाही, मी पाहिलं.

काळा रंग कोपऱ्यांवर आत्ताच विटलेला.
स्लाइड मागे ओढली
तर दळणात खडा आल्यावर जातं करतं तो आवाज.
आतल्या कडेला कानशीचे ओरखडे,
जेवणाच्या सुट्टीआधी कुणीतरी
घाईत दोन हात फिरवले आणि उठला.
पुढची माशी सैल. नखाने ढकलली
तर सरकली उजवीकडे. उडाली नाही, एवढंच.

पितळेच्या खोट्या गोळ्या आहेत माझ्याकडे,
आबांनी लेथवर केलेल्या. त्या भरल्या.
सहा गेल्या. सातवी अडली, नाक वर करून.
पुन्हा भरल्या. पुन्हा सातवीच.
मॅगझिनचे ओठ एका बाजूने जरा उघडे,
सांगू की नको करत थांबलेल्या माणसाचे असतात तसे.

"कितने की पड़ी?"
त्याने आकडा सांगितला. त्यात दोन म्हशी होत्या
आणि मेव्हण्याचे उसने.
इंदूरला कुणा बिल्डरच्या मागे उभं राहायचं,
पगार बरा, खोली देतात,
अट एकच, हत्यार स्वतःचं.

मग नुसतंच म्हणाला, "चलेगी?"

आम्ही घरात हे दिवसभर म्हणतो.
आमटीत मीठ कमी, चालेल.
कडी नीट लागत नाही, चालेल.
पोरीला गणितात अडतीस, चालेल.
कारखान्यात खिडकीपाशी कुणीतरी
हेच पिस्तूल उजेडात धरलं असणार,
आपल्या भाषेत हेच म्हणाला असणार,
आणि शिक्का मारला.

आबा हा शब्द दुकानात बोलू देत नसत.
"चालतं म्हण, नाहीतर नाही म्हण.
चालेल हे स्वयंपाकघरात."
ते गेले त्या वर्षी मी अठ्ठावीस हत्यारं दुरुस्त केली,
सगळी आबांच्या रीतीने, कानस शेवटी, तेल त्याहून शेवटी.
त्यांतलं एक मला वर्तमानपत्रात भेटलं.
मुरारच्या वरातीत. घोडीसमोर नाचणारं पोर
नऊ वर्षांचं.
बंदूक कुठेच अडली नव्हती.

हे रामसेवकला काय सांगणार?
तो माझ्या तोंडाकडे बघत होता,
डॉक्टरकडे बघतात तसा.
त्याच्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला,
आणि ती तार, खरं सांगते,
या अख्ख्या पिस्तुलापेक्षा नेटकी वळवलेली.

पावतीबुकात लिहिलं:
माशी घट्ट करणे.
स्लाइड, आतली कड.
मॅगझिन.
मॅगझिनपुढे काय करणे ते लिहिलं नाही.
"मंगल को आना," म्हटलं.
"चल तो जाएगी न, जिज्जी?"
"मंगल को."

तो गेला, पिस्तूल तिजोरीत ठेवलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.
मग त्याच्या डब्याची बिजागरी बसवत बसले.
एक खिळा, थोडं पितळ, दहा मिनिटं.
त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.